मरणानंतर धावणारा शिकारी

फिनिश संगीतकार काइया सारिआहो, तिच्या 'ओरायन' या ऑर्केस्ट्रासाठीच्या रचनेचे तीन भाग आहेत, 'मेमेन्टो मोरी', 'विंटर स्काय' आणि 'हंटर'. म्हणजे आधी मरणाची आठवण, मग हिवाळ्यातलं आकाश आणि मग शिकारी. ग्रीक गोष्ट माहीत असेल तर हा क्रम जरा खटकतो, कारण गोष्टीत ओरायन आधी शिकारी असतो, समुद्रदेव पोसायडनचा मुलगा, पाण्यावरून चालत जायचं वरदान मिळालेला, मग तो मरतो (विंचवाने म्हणा नाहीतर आर्टेमिसच्या बाणाने, दोन्ही कथा आहेत) आणि मग त्याला उचलून आकाशात ठेवतात. सारिआहोने मरण पहिल्यांदा आणलं आणि शिकाऱ्याला सगळ्यात शेवटी, आणि वीस मिनिटांच्या थोडं पुढे जाणाऱ्या या रचनेत खरी पळापळ आहे ती त्या शेवटच्या भागातच. माणूस मेलाय, त्याचे तारे झालेत, आणि आता तो धावायला लागलाय.

हे असं का, याच्यावर मी बराच विचार केलाय. नुसतं 'ओरायन' ऐकून मला ते कधी कळलं नाही. कळलं ते तिचा ऑपेरा ऐकल्यावर, आणि तेव्हापासून माझं असं पक्कं मत झालंय की 'ओरायन'मध्ये एकही गायक नसला तरी ते ऑपेराशिवाय लिहून झालंच नसतं.

सारिआहो हेलसिंकीची, जन्म १९५२ चा. लहानपणी रात्री झोपताना तिला उशीतून संगीत ऐकू यायचं, आणि ती आईला सांगायची की उशी बंद कर ना, झोप येत नाहीये. ही गोष्ट तिनेच मुलाखतींमध्ये सांगितलेली आहे. घरात संगीताचं वातावरण फारसं नव्हतं, पण ती व्हायोलिन, पियानो, ऑर्गन शिकली, पुढे सिबेलियस अकादमीत पाव्हो हाइनिनेन यांच्याकडे रचना शिकली. १९७७ मध्ये तिथल्या तरुण मंडळींनी 'कोर्वात आउकी' म्हणजे 'कान उघडे' नावाचा गट काढला, त्यात मॅग्नस लिंडबर्ग होता, एसा-पेक्का सालोनेन होता, आणि ही होती. फिनलंडमध्ये तेव्हा ऑपेराचा मोठा जोर होता, आउलिस सालिनेन वगैरेंचे ऑपेरे गाजत होते, आणि या पोरांना मात्र ते नको होतं, त्यांना युरोपात जे नवीन चाललं होतं ते हवं होतं. सारिआहो फ्रायबर्गला गेली, मग १९८२ मध्ये पॅरिसच्या इर्काममध्ये, जिथे कॉम्प्युटर घेऊन आवाजाच्या आतल्या रचनेचा अभ्यास चालतो, आणि मग ती पॅरिसचीच झाली.

तिची सुरुवातीची ऑर्केस्ट्राची कामं ऐकली तर त्यात 'पुढे काय होतं' असा प्रश्नच पडत नाही. १९८४ चं 'फेरब्लेंडुंगेन' घ्या, ऑर्केस्ट्रा आणि टेपवर आधीच ध्वनिमुद्रित केलेले आवाज, ते सुरू होतं तेव्हाच सगळ्यात दाट आणि जोरात असतं आणि मग ते विरत जातं, विरत जातं, संपतं. 'दु क्रिस्ताल'मध्ये एकेक स्वर चकाकतो, खरखरीत होतो, परत स्वच्छ होतो. ऐकताना असं वाटतं की आपण एका जागी उभे आहोत आणि समोरचा प्रकाश बदलतोय. मला ही कामं फार आवडतात, त्यांना कमी लेखायचा माझा अजिबात हेतू नाही. पण त्यात माणूस कुठे नसतो. कोणाला कुठे जायचं नसतं, कोणाला काही हवं नसतं.

मग १९९२ च्या उन्हाळ्यात तिने साल्झबुर्गला फ्रेंच संगीतकार मेसियाँचा सेंट फ्रान्सिसवरचा ऑपेरा बघितला, पीटर सेलर्सने बसवलेला, सालोनेन कंडक्ट करत होता, आणि देवदूताच्या भूमिकेत डॉन अपशॉ. तोपर्यंत ऑपेरा म्हणजे आपलं क्षेत्र नाही असंच तिचं मत होतं. पण या ऑपेरात घटना जवळजवळ नाहीतच, तासन्‌तास एका माणसाच्या आत काय चाललंय तेवढंच, आणि ते बघून तिला वाटलं की हाही जर ऑपेरा असेल तर मीही लिहू शकेन. या एका संध्याकाळची माणसं पुढे तिच्या आयुष्यात किती पुरली बघा, सेलर्सने तिचे पहिले ऑपेरे बसवले, अपशॉसाठी तिने पुन्हा पुन्हा लिहिलं, सालोनेन तर कॉलेजपासूनचा मित्रच.

पण लगेच ऑपेरा नाही लिहिला. ती आधी त्याच्या आजूबाजूला फिरत राहिली, आणि मला हा काळ सगळ्यात रसाळ वाटतो. १९९६ मध्ये 'लोन', एकटी सोप्रानो (उंच पट्टीची गायिका) आणि इलेक्ट्रॉनिक्स, शब्द बाराव्या शतकातल्या जोफ्रे रुदेल या त्रुबादूर म्हणजे प्रेमाची गाणी रचून गाणाऱ्या कवीचे, दूर असलेल्या प्रेयसीबद्दलचे. त्याच वर्षी 'शातो द लाम', अपशॉ, आठ बायकांचा कोरस आणि ऑर्केस्ट्रा, आणि त्यातले शब्द प्राचीन भारतीय आणि इजिप्शियन ग्रंथांमधून फ्रेंचमध्ये आणलेले. त्यात वेलीचं एक गाणं आहे. ते ऐकताना मला अथर्ववेदातलं 'यथा वृक्षं लिबुजा समन्तं परिषस्वजे' आठवतं, वेल जशी झाडाला सगळीकडून कवटाळते तशी तू मला कवटाळ, असं म्हणणारा मंत्र. हे प्रेमाचं गाणं नाही, वशीकरणाचा मंत्र आहे तो, त्यात ओढ आहे आणि हट्ट आहे. आणि सारिआहोच्या संगीतात पहिल्यांदाच 'मला हवंय' असं म्हणणारं कोणीतरी आलं. १९९९ मध्ये 'ओल्त्रा मार', म्हणजे समुद्रापार, कोरस आणि ऑर्केस्ट्रासाठी सात छोटे भाग, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने कुर्ट माझुरच्या हाताखाली पहिल्यांदा वाजवलं. भागांची नावंच बघा, निघणं, प्रेम, लाटा, काळ, लाटांची आठवण, मरण, पोचणं. 'मरण' सहावा आहे आणि 'पोचणं' सातवा. म्हणजे 'ओरायन'मधला क्रम तिच्या डोक्यात इथपासूनच होता असं मला वाटतं.

आणि मग १५ ऑगस्ट २००० ला साल्झबुर्गला 'लामूर द ल्वँ', दूरवरचं प्रेम. लिब्रेटो, म्हणजे ऑपेराची संहिता, आमीन मालूफचा, जो स्वतः बैरुतचा, यादवी सुरू झाल्यावर १९७६ मध्ये घर सोडून पॅरिसला आलेला. एक फिनलंडहून आलेली, एक लेबनॉनहून, दोघं पॅरिसमध्ये बसून समुद्राच्या दोन किनाऱ्यांची गोष्ट लिहितायत. मालूफने नंतर तिच्यासाठी आणखीही लिहिलं, पण ही पहिली जोडी जमली ती जमलीच.

गोष्ट तीन माणसांची. जोफ्रे रुदेल, फ्रान्समधल्या ब्लायचा राजपुत्र, मौजमजेला कंटाळलेला, एका अशा स्त्रीची गाणी रचतो जी कुठे असेल असं त्याला वाटतही नाही. एक यात्रेकरू येतो आणि सांगतो की आहे, तशी बाई आहे, समुद्रापलीकडे त्रिपोलीत, तिचं नाव क्लेमाँस. यात्रेकरू परत तिकडे जातो आणि तिला सांगतो की तुझी गाणी गाणारा एक जण आहे. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नाही. शेवटी जोफ्रेला राहवत नाही, तो जहाजावर चढतो, आणि जसजसा किनारा जवळ यायला लागतो तसतसा तो आजारी पडत जातो, भीतीने, शंकेने, आपण निघालोच का याने. त्रिपोलीला पोचतो तो मरायलाच टेकलेला. तिच्या मिठीत मरतो. खरा जोफ्रे रुदेल दुसऱ्या क्रुसेडच्या (ख्रिश्चनांच्या धर्मयुद्धाच्या) वेळचा आणि ही दंतकथा त्याच्याबद्दल जुन्या चरित्रात लिहिलेली आहे, मालूफने ती मनातून काढलेली नाही.

सेलर्सने साल्झबुर्गला रंगमंचावर पाणी भरलं होतं, खरं पाणी, आणि दोन बाजूंना दोन उंच मनोरे, एकात तो, एकात ती, आणि मधे यात्रेकरू. पाच अंकांत एवढंच. बऱ्याच लोकांनी तेव्हाही म्हटलं आणि अजूनही म्हणतात की या ऑपेरात काही घडतच नाही. मला हे पटत नाही. चौथा अंक ऐका, समुद्राचा. ऑर्केस्ट्रा सुरुवातीला अगदी शांत, निळा, आणि जोफ्रेला वाटतं की सगळं ठीक आहे, आणि मग खालच्या स्वरांमध्ये काहीतरी हलायला लागतं, लाटा वाढतात, आणि त्याच्या आवाजात आणि त्या लाटांमध्ये फरकच राहत नाही. वादळ बाहेर जेवढं आहे तेवढंच त्याच्या छातीत. हे घडणं नाही तर काय आहे? तिच्या आधीच्या ऑर्केस्ट्रात समुद्र असता तर तो सुंदर हलत राहिला असता, पण त्या समुद्रावर कोणाचं जहाज नसतं. इथे जहाज आहे आणि त्यात एक घाबरलेला माणूस आहे.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. जोफ्रे मरतो आणि ऑपेरा संपत नाही. क्लेमाँस आधी देवावर संतापते, मोठ्याने, सरळ भांडते त्याच्याशी की हे काय केलंस, इतकं प्रेम करणाऱ्या माणसाला ही शिक्षा? कोरस तिला गप्प करायला बघतो. मग ती गुडघे टेकून प्रार्थना करायला लागते, 'तू जो इतका दूर आहेस', आणि शेवटपर्यंत कळत नाही की ही प्रार्थना देवाला आहे की त्या मेलेल्या माणसाला. आता दूरवरचं प्रेम तिचं झालं. त्याची ओढ त्याच्याबरोबर मेली नाही, ती तिच्यात सुरू झाली.

ऑपेरा झाल्यावर तिने त्यातलं साहित्य घेऊन २००१ मध्ये 'सँक रफ्ले' केलं, सोप्रानो, बॅरिटोन (मध्यम-खालच्या पट्टीचा गायक) आणि ऑर्केस्ट्रा, ऑपेराची पाच प्रतिबिंबं. हे आपल्याला समजायला सोपं आहे, आपल्याकडे नाट्यपदं नाटकातून निघून मैफिलीत आली आणि ज्यांनी ते नाटक कधी बघितलं नाही तेही ती पदं डोळे मिटून ऐकतात, तसंच. शब्द तेच, चाल तीच, फक्त मंडप बदलला. पण २००२ मध्ये लिहिलेलं 'ओरायन' तसं नाही. त्यात ऑपेरातलं एकही पद नाही, जोफ्रे नाही, त्रिपोली नाही. क्लीव्हलँड ऑर्केस्ट्राने मागून घेतलेलं काम, जानेवारी २००३ मध्ये तिथल्या सेव्हरन्स हॉलला फ्रान्झ वेल्सर-म्योस्टने पहिल्यांदा केलं, तो त्याच मोसमात तिथला म्युझिक डायरेक्टर झाला होता. नुसता ऑर्केस्ट्रा, पण प्रचंड मोठा, हार्प, पियानो, ढीगभर पर्कशन आणि त्यात ऑर्गनसुद्धा. ऑपेराच्या रंगमंचासमोर वादकांसाठी जो खड्डा असतो त्यात जेवढे वादक मावत नाहीत तेवढे इथे स्टेजवर.

'मेमेन्टो मोरी' अगदी हळू आवाजात सुरू होतं, छोटी छोटी आकृती, परत परत तीच, आणि तिच्यावर एकेक थर चढत जातो. घाई नाही. पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं की ही तर जुनीच सारिआहो, प्रकाश बदलतोय आणि आपण उभे आहोत. पण मधे कुठेतरी लक्षात येतं की आपण उभे नाही आहोत, आपल्याला खेचलं जातंय. थर वाढत वाढत ऑर्केस्ट्रा इतका भरतो की ऑर्गन कधी आत आला ते कळतही नाही, फक्त हॉलच्या जमिनीपासून काहीतरी वर येतंय असं वाटतं. आणि मग ते ओसरतं. मरणाला टाळून जाता येत नाही हे सांगायला तिने कुठे करुण सूर लावलेला नाही, फक्त एक दिशा दिली, आणि तिकडून परत फिरता येत नाही एवढं ठेवलं.

(ऑर्गनवरून एक सांगायलाच हवं. हेलसिंकीचं म्युझिक सेंटर २०११ मध्ये उघडलं तेव्हा मोठ्या सभागृहात ऑर्गन नव्हता, पैसे नव्हते. सारिआहोने स्वतःच्या खिशातून दहा लाख युरो दिले, त्यातून ते काम खऱ्या अर्थाने मार्गी लागलं, ऑस्ट्रियाच्या रीगर कंपनीने तो बांधला आणि २०२४ च्या सुरुवातीला तो वाजायला लागला. ती त्याआधीच, २ जून २०२३ ला, पॅरिसमध्ये वारली. तिला तो पूर्ण सभागृहात ऐकायला मिळाला नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.)

दुसरा भाग, 'विंटर स्काय', पिकोलोवर, म्हणजे छोट्या बासरीवर, सुरू होतो. एवढी मोठी फौज बसलेली आणि सगळ्यात लहान वाद्य एकटं गातंय, उंच, गार, थोडं थरथरतं. मग तोच सूर व्हायोलिन घेतं, मग क्लॅरिनेट, मग ट्रम्पेट. एकाकडून दुसऱ्याकडे. १९८४ च्या सारिआहोला असा सूर लिहायला सांगितला असता तर तिने लिहिला नसता, कारण हा सूर गाणाऱ्याचा आहे, त्याला सुरुवात आहे, श्वास घ्यायला थांबणं आहे, शेवट आहे. हा ऑपेरातून आलेला सूर आहे. 'लामूर द ल्वँ'मध्ये यात्रेकरू जोफ्रेचं गाणं समुद्रापार नेतो आणि क्लेमाँसला ऐकवतो ना, इथे तेच होतंय, फक्त माणसांच्या जागी वाद्यं आहेत आणि समुद्राच्या जागी काळोख आहे. पिकोलोने सुरू केलेलं ट्रम्पेटपर्यंत पोचतं तोवर ते बदललेलं असतं, आणि तरी ओळखू येतं. हा भाग तिला स्वतःलाही इतका जवळचा होता की २०१३ मध्ये तिने तो वेगळा काढून लहान ऑर्केस्ट्रासाठी परत लिहिला, 'सिएल दिवेर' नावाने, आणि आता तोच जास्त वाजवला जातो.

मला स्वतःला या भागात एक वेगळीच गोष्ट दिसते, आणि ती दिसायचं कारण आपलं आकाश. वाईजवळ आमच्या गावी आजोबांनी मला मृग नक्षत्र दाखवलं होतं, खळ्यात उभं करून, "हे चार पाय, हे डोकं, हा पोटात घुसलेला बाण, आणि तो मागे चमकतोय तो व्याध." म्हणजे ग्रीकांना जिथे शिकारी दिसला तिथे आपल्याला हरिण दिसलं. ज्याला ते कमरपट्टा म्हणतात तो आपला बाण. शिकारी आपल्याकडेही आहे, पण तो वेगळा तारा आहे, मागून उगवणारा, आणि तो रोज रात्री हरणाच्या मागे पश्चिमेकडे जातो, आणि कधी त्याला गाठत नाही. याच नक्षत्रावरून लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये वेदांचा काळ काढायला घेतला, वसंतसंपात (वसंतात दिवस-रात्र सारखे होतात तेव्हाची सूर्याची जागा) मृगात होता तेव्हाच्या खुणा ऋचांमध्ये शोधून ते इसवी सनापूर्वी ४००० च्या मागे गेले, आणि पुस्तकाला नाव दिलं 'ओरायन'. त्यामुळे हे नाव मराठी घरात शंभर वर्षांपूर्वीच येऊन बसलंय.

माझी भाची एस्पोला असते, हेलसिंकीला लागूनच. जानेवारीत तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी गच्चीवर होते, मी म्हटलं मृग दिसतोय का बघ गं तुझ्याकडे. तिने बाल्कनीत जाऊन फोन बाहेर धरला, फोनमध्ये काही दिसलं नाही म्हणा, पण तिने सांगितलं, "मावशी, हा बघ ना, समोरच्या झाडांच्या जरासाच वर आहे, तिरका पडल्यासारखा. आणि तुझा तो व्याध तर झाडांच्या मागेच राहतो, कधी दिसतच नाही नीट." इथे पुण्यात तो जवळजवळ डोक्यावर येतो आणि साठ अक्षांशावर तो बराच खालून चालतो. व्याध तर आणखी खाली. म्हणजे तिथल्या हिवाळ्यात तो उंचावरचा देव वगैरे वाटत नाही, झाडांच्या मागून चालत जाणारा कोणीतरी वाटतो, आणि सारिआहोने लहानपणापासून हाच ओरायन बघितला असणार. फिनिश लोककथेत पट्ट्याच्या त्या तीन ताऱ्यांना त्यांच्या कथांमधला नायक व्हायनामोइनेन याचं गवत कापायचं हत्यार म्हणतात, ना बाण, ना पट्टा. आणखी एक वेगळी नजर.

तर 'हंटर'. सुरू होताच धाव आहे. वेगवान आकृत्या एका गटातून दुसऱ्या गटात उड्या मारतात, पर्कशन मागे लागतं, मधेच सगळं थबकतं, काही क्षण 'विंटर स्काय'सारखी शांतता, जणू कोणीतरी कान देऊन उभं आहे, आणि परत धाव. मला इथे कायम प्रश्न पडतो की ही धाव कोणाची आहे, मागे लागलेल्याची की पळणाऱ्याची. संगीतातून ते ठरवता येत नाही, आणि आजोबांनी दाखवलेलं आकाश डोक्यात असेल तर ते ठरवावंसंही वाटत नाही, कारण तिथे बाण लागून गेलेला आहे आणि पाठलाग तरी चालूच आहे. शेवटी हा पळणारा आवाज वर वर चढतो, पातळ होत जातो. शिकार मिळाली असं काही वाजत नाही.

आणि इथे मला क्रमाचं उत्तर मिळालं. क्लेमाँसची प्रार्थना आधी लिहिलेली असल्याशिवाय हा तिसरा भाग तिथे येऊच शकत नव्हता. ऑपेरा लिहिताना तिला कळलं की मरण हा शेवट म्हणून वापरायची गरज नाही, मरणानंतर ओढ कोणाच्या तरी अंगात शिल्लक राहते आणि ती धावते. ऑपेरात ते दाखवायला क्लेमाँस होती, तिचा गळा होता. ऑर्केस्ट्रात कोणी नाही, म्हणून मग तिने अशी आकृती निवडली जी एकाच वेळी मर्त्य माणूसही आहे आणि न हलणारे तारेही, ज्याला बापाने समुद्रावरून चालायचं वरदान दिलं, त्या समुद्रावरून ज्याने जोफ्रेला मारलं. मी हे सगळं कुठे वाचलेलं नाही, हा माझा अंदाज आहे, पण दोन्ही कामं लागोपाठ ऐकली की तो सोडवत नाही.

पुढचा ऑपेरा 'आद्रियाना मातेर', २००६, पॅरिसच्या बास्तीय ऑपेरात, परत मालूफ, परत सेलर्स, सालोनेन कंडक्टर. युद्ध, त्यात एका बाईवर झालेला बलात्कार, त्यातून जन्मलेला मुलगा, आणि तो मोठा झाल्यावर आपण कोणाचं रक्त आहोत हा त्याचा प्रश्न. सारिआहोने सांगितलंय की ती स्वतः गरोदर असताना दोन हृदयांचे ठोके, तिचा आणि बाळाचा, वेगवेगळ्या लयीत चालताना तिने ऐकले आणि ते तिच्या डोक्यात राहिलं. या ऑपेराचा ऑर्केस्ट्रा दणकट आहे, त्याला स्नायू आहेत. 'लामूर द ल्वँ'वरून थेट इथे उडी मारली तर बाई बदलली की काय असं वाटतं, पण मधे 'हंटर' ठेवा, लगेच वाट दिसते. म्हणजे ऑपेराने ऑर्केस्ट्राला दिलं आणि ऑर्केस्ट्राने ते पुढच्या ऑपेराला. 'ओरायन' आधी ऐकायचं असेल तर कंडक्टर एशेनबाख आणि ऑर्केस्त्र द पारीचं रेकॉर्डिंग चांगलं आहे, आणि ऑपेरासाठी २००४ चा हेलसिंकीचा प्रयोग बघा, अपशॉ, जेरल्ड फिनली आणि मोनिका ग्रूप, सालोनेन कंडक्टर. पण दोन्ही एकाच दिवशी ऐकू नका, मधे एक रात्र जाऊ द्या.

'लामूर द ल्वँ' २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेटला (मेट्रोपॉलिटन ऑपेराला) झाला, दिग्दर्शक रोबेर लपाजने रंगमंचभर हजारो एलईडी दिव्यांचा समुद्र केला होता आणि कंडक्टर होती सुसाना मॅल्की, तीही फिनिश. १९०३ नंतर मेटला बाईने लिहिलेला हा पहिला ऑपेरा. ११३ वर्षं. याचा आनंद मानावा का राग यावा हे मला अजून ठरवता आलेलं नाही, बहुतेक दोन्ही.

तिचा शेवटचा ऑपेरा 'इनोसन्स', २०२१ मध्ये फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोव्हान्सला, सोफी ओक्सानेनच्या लिब्रेटोवर, शाळेतल्या गोळीबारानंतर दहा वर्षांनी एका लग्नाच्या दिवशी सगळं वर येतं अशी गोष्ट, नऊ भाषा, कंडक्टर मॅल्कीच. तो लिहून संपवल्याबरोबर तिने एक ऑर्केस्ट्राचं काम हातात घेतलं, 'व्हिस्टा', मॅल्कीलाच अर्पण केलेलं. त्यात तिने हार्प, पियानो आणि चेलेस्टा (घंटेसारखा आवाज देणारं छोटं पट्ट्यांचं वाद्य) काढून टाकले. ज्यांनी सारिआहो थोडीफार ऐकलीय त्यांना कळेल की हे किती मोठं आहे, तिची सगळी चकाकी तर त्या तिघांतून यायची. ऑपेरा लिहून झाल्यावर परत एकदा तिने आपला हात बदलून बघितला, साठी उलटून गेल्यावर. 'व्हिस्टा'चे भाग दोन. पहिल्याचं नाव 'होरायझन्स', दुसऱ्याचं 'टार्गेट्स', साहित्य तेच, फक्त दुसऱ्यात ते पेटलेलं. परत आधी आकाश आणि मग शिकार, आणि यावेळी मरणाचा भाग तिने वेगळा लिहिलाच नाही, तो नुकताच ऑपेरात लिहून झाला होता.